जे गल्लीला नाही, ते घराला नाही

चहा झाला, बिस्किटांची ताटली रिकामी झाली, सगळ्यांनी आपापली जागा धरून टीव्हीकडे तोंड केलं, तेव्हा कुठे अक्कांच्या लक्षात आलं की टीव्हीवर नुसती निळी पाटी आहे.

"हे काय रे?" त्यांनी दादांना विचारलं. "आज तुझ्या पोरीची मालिका ना?"

"हो."

"मग लाव की!"

"बंद आहे."

"कुणी केली बंद?"

दादांनी कपात पाहिलं. कप केव्हाच रिकामा झाला होता.

"मी," ते म्हणाले.

अक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. सकाळपासून प्रवास करून आलेली, पाय सुजलेले, त्यात भाचीचं कौतुक बघायला म्हणून नवी साडी नेसलेली. त्यांनी पदर खोचला. आता काही खरं नाही हे घरातल्या सगळ्यांनी ओळखलं. दादांची बायको, ज्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, त्या कप गोळा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकल्या.

"अरे, तू केबलवाला की कोण? हलवायाच्या घरच्यांनी उपाशी झोपायचं का?"

दादांना बोलायचं होतं पुष्कळ, पण सुरुवात कुठून करायची? झालं होतं ते असं. चॅनलच्या मालकांनी नवा हट्ट धरला होता. ज्या एका चॅनलसाठी लोक जीव टाकतात ते हवं असेल, तर ज्यांच्याकडे कुत्रंही ढुंकून बघत नाही अशी त्यांची बाकीची सगळी चॅनलं गळ्यात बांधून घ्या, आणि वर भावही वाढवून द्या. भाव वाढला की शिव्या कुणाला? घरोघरी जाणाऱ्या केबलवाल्याला. दादा केबलवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष. भर बैठकीत त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. "त्यांचा सगळा गठ्ठाच बंद करू! सगळ्यांच्या आधी मी माझ्याकडे बंद करतो, मग तुम्ही करा!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! दादा छाती फुगवून घरी आले आणि बटण दाबून मोकळे झाले.

चॅनलवाले तरी काय कच्च्या गुरूचे चेले? पुढच्या महिन्यात येणारी नवीकोरी मालिका त्यांनी ओढून आज संध्याकाळवर आणली. लोक खवळतील, केबलवाल्यांच्या दारात जातील, असा त्यांचा हिशोब. आणि त्या मालिकेचे संवाद लिहिले होते दादांच्या एकुलत्या एक लेकीनं. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती म्हणून तिचं नाव पडलं गुंडी, आणि ते अजून सुटलं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दादांची गत झाली होती.

"दादा," त्यांचा धाकटा भाऊ हळूच म्हणाला. खांद्यावर कायम शिडी असल्यामुळे हा घरात नि बाहेर शिडीकाका. "मागच्या खोलीत छोट्या पडद्यावर चित्र येतंय अजून. चॅनलवाल्यांनी तोडलेलं नाही, आपणच पुढे गल्लीत सोडत नाही. सगळे तिथे दाटीवाटीनं बसू. कुणाला कळतंय?"

मागची खोली म्हणजे या घराचा जीव. मांडणीवर एकावर एक रचलेली यंत्रं, त्यांच्यात गुरगुरणारे पंखे, आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर पडून सगळ्या गल्लीत पसरलेल्या काळ्या वायरी. तिथे बसून घरातल्या माणसांनी चोरून चित्र बघायचं?

"आणि अप्पांचं काय?" दादांनी विचारलं.

अप्पा, म्हणजे या भावंडांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीत पहिली वायर त्यांनी ओढली आणि त्याच दिवशी घरात एक नियम घातला. जे गल्लीला नाही, ते घराला नाही. वारा सुटून कुठे वायर तुटली, की अप्पा आधी घरातला टीव्ही बंद करायचे, मग शिडी उचलायचे. शेवटच्या घरात चित्र आलं की मग आपल्या घरात. या पायी दोघा भावांचे लहानपणी कितीतरी अंतिम सामने बुडाले होते. रडून रडून डोळे सुजायचे, पण अप्पा बधायचे नाहीत. म्हणायचे, आपल्या घरात दिसत असलं की माणूस शिडी हळू चढतो.

"अप्पा असते तर नातीसाठी त्यांनी नियम मोडला असता," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुझी आवडती मालिका संपत होती. मोडला होता?"

ती मालिका कशी संपली हे अक्कांना आजतागायत माहीत नव्हतं.

तेवढ्यात दारात गुंडी उभी राहिली. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर हसू. तिनं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि हसू जरा कमी झालं.

"अजून बंदच?" ती म्हणाली.

मागची खोली तेवढी गुरगुरत होती.

"मला वाटलंच होतं," ती पिशवी ठेवत म्हणाली. "काल चॅनलच्या साहेबांनी बोलावलं होतं मला. म्हणाले, तुझे वडील अध्यक्ष आहेत ना? घरातल्या घरात मिटवून टाक. त्यांनी एकदा बटण दाबलं की बाकीचे मेंढरासारखे मागे येतील."

"मग? तू काय म्हणालीस?" दादांनी विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, मी तुमच्याकडे संवाद लिहिते, वडिलांना फितवायचं काम माझं नाही."

"शाब्बास!" शिडीकाका ओरडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसायला लागल्या. दादांना लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्या घरात कुणी असं पटकन जवळबिवळ घेत नसे, म्हणून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. गुंडी बसली नाही.

"पण बाबा, एक सांगा. ही भानगड नसती, तर तुम्ही बघणार होतात का? की तेव्हाही म्हणाला असतात, त्या रडारडीत काय बघायचं?"

हे वर्मावर बसलं. ही नोकरी धरून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तेव्हा दादा म्हणाले होते, आपण लोकांच्या घरात वायर टाकतो आणि तू रडारड टाकणार! तेव्हापासून बापलेकीत बोलणं व्हायचं ते जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. खरं म्हणजे गेले आठ दिवस त्या मालिकेची जाहिरात दादा मागच्या खोलीत पंखे पुसता पुसता... नाही, बघत नव्हते, नियम होता. पण छोट्या पडद्याकडे पाठ करून कान देऊन ऐकत होते. हे आता सगळ्यांसमोर सांगायचं कसं?

"बघणार होतो," ते म्हणाले. "अगं, मी चष्मा बदलून आणला."

गुंडीनं त्यांच्या नाकावरच्या नव्या चष्म्याकडे पाहिलं. ओठ दाबले. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "असू दे. उद्या मोबाइलवर येईल, तेव्हा बघू."

"उद्या माझी गाडी आहे," अक्का म्हणाल्या. "नवी साडी काय धुवायला नेसले?"

एवढ्यात जिन्यावर दडदड पावलं वाजली. गल्लीतल्या बायका! पुढे शिंपीणबाई, गळ्यात मापाची टेप तशीच. मागे आणखी पाचसहा जणी.

"दादा, आमचं एक म्हणणं आहे," शिंपीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमचा संप, तुमचं भांडण, आम्ही एक शब्द काढला नाही. पण आज आमच्या गुंडीची मालिका आहे. हिचे फ्रॉक मी शिवलेत. माझा हक्क आहे की नाही?"

"बाई, तुमच्या घरी नाही तसं माझ्याही घरी नाही. बघा." दादांनी निळी पाटी दाखवली.

"ते माहीत आहे हो. म्हणून तर शिव्या द्यायला आलो नाही, विचारायला आलो. तासभर चालू करा, मग करा बंद."

"शब्द दिलाय सगळ्यांना. मीच चालू केलं तर उद्या कुणाला तोंड दाखवू?"

"म्हणजे आम्हीही नाही बघायचं आणि तुम्हीही नाही. वा! मग लिहिलं कुणासाठी पोरीनं? त्या समोरच्या छत्रीवाल्यासाठी?"

या घरात ते नाव कुणी घेत नसे.

समोरचा छत्रीवाला म्हणजे वहिनींचा सख्खा धाकटा भाऊ. एके काळी तो याच घरात दादांच्या हाताखाली काम शिकला आणि मग एके दिवशी बरोबर समोर, नाकासमोर, डिशचं दुकान टाकून बसला. दादा तेव्हा म्हणाले होते, ज्या शिडीवर चढलास तिलाच लाथ! तो म्हणाला होता, दाजी, आभाळ काय तुमच्या एकट्याचं आहे? तेव्हापासून बोलणं बंद. निरोप असलाच तर वहिनींच्या मार्फत, मग दोघं समोरासमोर का उभे असेनात. पोरं त्याला छत्रीमामा म्हणत, तेही दादांच्या पाठीमागे.

दादा उठले. खिडकीशी गेले. समोर दुकानात दिवे लागले होते. काचेच्या आत टीव्हीच टीव्ही, सगळ्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे, म्हणजे आत. दादा बराच वेळ बघत राहिले. अप्पांचा नियम त्यांनी मनात उलटासुलटा केला. जे गल्लीला नाही, ते घराला नाही. बरोबर. पण जे गल्लीला आहे, ते? आणि गल्लीला ते कुणाच्या वायरीतून मिळावं, यावर अप्पा एक शब्दही बोलले नव्हते.

त्यांनी चपला घातल्या.

"अहो, कुठे निघालात?" वहिनी घाबरल्या. "बाई बोलून गेल्या, मनावर घेऊ नका. त्याच्याशी भांडायला जाऊ नका!"

"तूही चल," दादा म्हणाले. "तुझ्याशिवाय बोलणार कसा मी त्याच्याशी?"

मग काय विचारता! पुढे दादा, मागे वहिनी, त्यांच्यामागे गुंडी, पाय ओढत अक्का, शिडी घेऊन शिडीकाका आणि शेवटी सगळ्या बायका, अशी वरात रस्ता ओलांडून निघाली. शिडी कशाला घेतली हे शिडीकाकाला विचारून उपयोग नव्हता. तो न्हाव्याकडे जातानाही घेई.

छत्रीमामा गल्ल्यावर बसला होता. दाजींना दारात बघून तो उभा राहिला, मग आपण उभे का राहिलो असं वाटून पुन्हा बसला.

"त्याला सांग," दादा वहिनींना म्हणाले, "मोठ्यातला मोठा टीव्ही बाहेर काढून गल्लीकडे तोंड करून लावायचा."

"ताई, दाजींना विचार," मामा छताकडे बघत म्हणाला, "छत्रीवर चित्र नाचतं ना? वारा आला की पळून जातं ना? गल्लीभर सांगत होते."

"त्याला म्हणावं, सांगत होतो. आजही सांगेन. पण आज माझ्याकडे नाचायलाही चित्र नाही."

"ताई, विचार त्यांना, मग चूक कुणाची?"

"पुरे!" वहिनी कडाडल्या. इतकी वर्षं दोघांचे निरोप वाहून त्यांच्या जिभेला घट्टे पडले होते. "मी काय टपाल आहे? एक माझा नवरा, एक माझा भाऊ, आणि मालिका माझ्या पोटच्या पोरीची. तुम्ही दोघं बसा नाकं वर करून. मी माझी माझी बघते. सरक!"

त्या थेट आत घुसल्या. मामा मागे धावला, "ताई, अगं थांब, तिकडे जाऊ नको," आणि तोवर वहिनींनी मागचा पडदा सरकवलाही होता. पडद्यामागे दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही चाकाच्या टेबलावर चढवून, पुसून लख्ख करून ठेवला होता. बाजूला भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांची थप्पी.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

मामा मान खाजवायला लागला. "भाचीची पहिली मालिका. एकट्यानं काय बघायची? म्हटलं, दाराशी लावू, गल्ली येईल... कदाचित समोरचेही खिडकीतून बघतील. सकाळपासून तयारी केली, पण दाजींना राग आला तर, म्हणून हात धजेना."

गुंडीनं मामाच्या गळ्यात हातच टाकले. अक्का म्हणाल्या, "सगळे मेले एकसारखे अडेलतट्टू! उचला खुर्च्या!"

टीव्ही दारापर्यंत आला आणि तिथेच अडला. छतावरच्या छत्रीची वायर पुरेना. मामानं ओढून पाहिलं, उलट्या बाजूनं घेऊन पाहिलं. हातभर कमीच. तिकडे मालिका सुरू व्हायची वेळ होत आलेली, खुर्च्या भरलेल्या, जे ते घड्याळ बघतंय.

"सरक बाजूला," दादा म्हणाले. शिडीकाका एव्हाना समोरच्या घरातून वायरीचं भेंडोळं घेऊन धावत येत होता. दादांनी टोक दातात धरून साल सोललं. हे काम ते कायम दातांनीच करत. डॉक्टर ओरडे, वहिनी ओरडत, फरक शून्य.

"दाजी, तांबं तुटेल!"

"तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. म्हणून सांगतोय, उजवीकडून सोला. डावा दात हललाय तुमचा."

"तुला कसं माहीत?"

"ताई सांगते ना सगळं! पकडा इकडून. घट्ट. आता फिरवा."

दोघं जमिनीवर उकिडवे बसून, डोक्याला डोकं लावून वायर जोडत होते आणि आपण एकमेकांशी बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. वहिनींच्या मात्र होतं. त्यांनी गुंडीचा हात इतका दाबला की ती ओरडली.

चित्र आलं! गल्लीनं जो गलका केला त्यानं तिसऱ्या मजल्यावरचे लोकही खिडक्यांत आले. गॅरेजवाला हात पुसत आला, पाववाला दुकानाचं शटर ओढून आला, शिंपीणबाईंच्या म्हाताऱ्या सासूबाई खुर्चीसकट उचलून आणल्या गेल्या. इतक्यात दादांचा फोन वाजला. संघाचे चिटणीस.

"दादा, तुमच्या गल्लीत ते चॅनल चालू आहे म्हणे? आमच्याकडे लोक विचारतायत!"

"छत्रीवाल्याच्या दारात आहे. माझ्याकडे निळी पाटीच आहे. येऊन बघा."

"अहो, पण तुम्ही तिथे काय करताय?"

"बघतोय. गल्ली बघते म्हणून मीही बघतोय."

चिटणीस हळूच म्हणाले, "बसायला जागा आहे का? आमची ही मागे लागलीय कधीची."

मालिका सुरू झाली. घरातली गोष्ट होती, पण रडारड? छे! एका दिवाणखान्यात दोन म्हातारे भाऊ अबोला धरून बसलेले, आणि मधे बिचारी बहीण. "त्याला विचार, मीठ हवंय का." "त्याला सांग, मीठ माझ्याच हातात आहे." गल्लीला कळायला एक क्षण लागला. मग जी हशाची लाट उठली! सगळ्या माना वळल्या, आधी दादांकडे, मग छत्रीमामाकडे. शिंपीणबाई हसता हसता टेपनं डोळे पुसत होत्या. दादांचे कान लाल झाले.

"गुंडे, हे तू..." ते म्हणाले.

"कल्पनाविलास आहे, बाबा," ती म्हणाली, तोंडावर रुमाल धरून.

"मला एवढं खडूस दाखवलंस?"

"दाजी, खडूस तो उजवीकडचा आहे. तो मी," मामा म्हणाला.

दादांना हसू आवरेना. पोट धरून हसले. त्यांना वाटलं, आपण हिला काय काय बोललो, आणि ही आपल्याला एवढं जवळून बघत होती, आणि बघून तिला आपला राग नाही आला, हसू आलं. हसता हसता त्यांचे डोळे कधी भरले ते कळलंच नाही. नवा चष्मा धुरकटला. तो काढून ते सदऱ्याला पुसायला लागले, आणि नेमकी तेव्हाच मालिका संपली.

पडद्यावर नावं धावायला लागली. टाळ्या वाजवत पुढची सगळी रांग उभी राहिली.

"बसा! बसा की!" दादा ओरडले. चष्मा चढवून मान वाकडी करून पाहतात, तर पडद्यावर साबणाची जाहिरात.

"गेलं?" त्यांनी विचारलं. "तिचं नाव गेलं?"

"गेलं वाटतं," शिडीकाका म्हणाला.

टाळ्या थांबल्या. दादांचा चेहरा इतका उतरला की पुढच्या रांगेतले लोक अपराध्यासारखे खाली बसले. गुंडी म्हणाली, "असू दे हो बाबा, उद्या परत येईल," पण तिचाही आवाज पडलाच होता.

"दाजी," मामा म्हणाला, "या छत्रीच्या खोक्यात चित्र मागे नेता येतं."

"मग ने ना! वाट कसली बघतोस?"

मामानं रिमोट उगारला. साबण उलटा धावला, नावं खालून वर आली तशी वरून खाली गेली, पुन्हा वर आली, आणि थांबली.

संवाद, असं लिहिलं होतं. त्याखाली तिचं नाव. बाकी सगळ्यांची नावं दोन शब्दांची, नाव आणि आडनाव. हिच्या ओळीत मात्र तीन शब्द दाटीवाटीनं बसवलेले. मधला शब्द दादांचं नाव होतं.

दादांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"एवढं लांब कशाला लिहिलंस गं?" ते पडद्याकडे बोट करून म्हणाले. "जागा बघ किती अडली."

"चॅनलवालेही तेच म्हणत होते. मधलं काढा म्हणाले, ओळीत मावत नाही. मी म्हटलं, मधलं काढायचं तर सगळंच काढा."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. अक्का मोठ्यानं रडायलाच लागल्या आणि वर म्हणाल्या, कोण म्हणतं रडारड वाईट? दादांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि त्या घरात कधी कुणी केलं नव्हतं ते भर रस्त्यात, सगळ्यांदेखत केलं. लेकीला कुशीत ओढलं. गल्ली हसत होती, शिट्ट्या वाजवत होती, कुणीतरी खुर्ची बडवत होतं.

बऱ्याच वेळानं मामानं रिमोट वर केला. "दाजी, पुढे नेऊ का आता?"

"थांब रे," दादा म्हणाले. पडद्यावरून त्यांची नजर हलली नव्हती. "गल्लीचं वाचून व्हायचंय अजून."